वाचकांचे प्रश्न : मोबाईल काढून घेतला, आता पोरांनी खेळायचं काय?

पावसाला सुरुवात झाली की लहान मुलांच्या खेळाबद्दलची पत्रं वाढतात. अंगण बंद होतं, मूल घरात येतं आणि घरात मोबाईल असतोच. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. लांबलेली पत्रं प्रश्नापुरतीच छापली आहेत.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. आम्ही दोघंही नोकरीला, घरी यायला सहा वाजतात. स्वयंपाक उरकेपर्यंत तिच्या हातात मोबाईल देते. काढून घेतला की हातपाय आपटते. खेळणी पुढ्यात मांडली तर पाच मिनिटांत ‘आता काय करू?’ म्हणत ओट्यापाशी हजर. — अनगोळ, बेळगाव

आधी आकडे सांगून टाकू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं ते असं : दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी तेवढं बरं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण हाच आहे. त्यांनी तो तास मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली असावा अशी अट घातली आहे.

पण तुमची अडचण तासांची नाही, संध्याकाळी सहा ते साडेसातची आहे. दिवसभर लांब राहिलेल्या मुलीला त्या वेळी तुम्ही हव्या असता. म्हणून घरी आल्यावर पर्स ठेवा, हातपाय धुवा आणि थेट ओट्याकडे न जाता दहा मिनिटं तिच्याजवळ जमिनीवर बसा. ती काय करते ते बघा, तिने दिलेला खोटा चहा प्या. स्वयंपाकाला दहा मिनिटं उशीर होईल, पण पुढचा अर्धा तास ती ओट्यापाशी येणार नाही. पोट भरलेलं मूलच खेळतं, आणि इथे पोट म्हणजे नुसतं जेवणाचं नव्हे.

मोबाईल बंद करताना ‘पाच मिनिटांनी बंद’ म्हणून उपयोग नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला मिनिट कळत नाही. ‘हे गाणं संपलं की बंद’ हे कळतं. मात्र त्यासाठी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते, नाहीतर गाणं कधी संपतच नाही आणि तुम्ही खोटं बोललात असं तिला वाटतं. बटण तिलाच दाबू द्या. नंतर फोन दिसणार नाही अशा जागी ठेवा; फ्रिजवर चार्जिंगला लावलेला फोन तिला दिसतो.

पहिले चार-पाच दिवस रडणं वाढेल. आजवर रडल्यावर फोन मिळत होता, म्हणून ती आता जोर लावून बघते. तिसऱ्या दिवशी तुम्ही हरलात तर ‘तीन दिवस रडलं की मिळतो’ एवढंच ती शिकेल. त्यामुळे घरात पाहुणे, लग्नकार्य किंवा आजारपण असलेल्या आठवड्यात हे सुरू करू नका.

आता ‘काय करू?’चं. स्क्रीनवर दर काही सेकंदांनी नवं काहीतरी समोर येतं, मुलाला स्वतः काही सुरू करावं लागत नाही. ती सवय मोडायला वेळ लागतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं मूल घरभर रेंगाळतं, कुरकुरतं, पडद्याशी लोंबकळतं. खेळ सुरू होण्याआधीचीच ही चाळवाचाळव असते. नेमक्या याच वेळी आईबाप घाबरून काहीतरी सुचवतात. त्याऐवजी खेळाचं अर्धं दृश्य मांडून ठेवा : चटईवर बाहुली आडवी, अंगावर रुमाल, शेजारी वाटी-चमचा. ‘हिला सकाळपासून बरं वाटेना बघ’ एवढं म्हणा आणि कामाला लागा. गॅसपासून चार फुटांवर फरशीला रंगीत चिकटपट्टी लावून ‘ही तुझी हद्द’ ठरवून दिलीत तर तिथे बसून कणकेच्या गोळ्याशीही ती खेळेल.

खेळ लागला की दोन गोष्टी टाळा. एक, ‘हा कुठला रंग? किती वाट्या आहेत?’ अशी परीक्षा. दुसरी, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटससाठी व्हिडिओ काढणं. फोन वर झाला की बाहुलीला औषध पाजणारी मुलगी बाहुली सोडून तुमच्याकडे बघते, मग फोनकडे, आणि ‘मला दाखव’ म्हणते. खेळ तिथेच संपतो.

खानापूरजवळच्या गावात राहतो. जून ते सप्टेंबर पोरांना उंबऱ्याबाहेर सोडता येत नाही. एक साडेचार वर्षांचा, एक सहाची. घर जुनं, एक सोपा आणि दोन खोल्या. चार महिने टीव्हीशिवाय कसे काढायचे? — खानापूर तालुका

घराला सोपा आहे म्हणजे तुमची निम्मी अडचण सुटली. तिथे आधी बस काढा.

चार खुर्च्या दोन-दोन मांडून मधे वाट सोडायची. खुर्च्या नसतील तर पाट, नाहीतर दुमडलेली पोती. पुढे स्टूल, त्यावर ड्रायव्हर, हातात जेवणाचं ताट. कंडक्टरला जुनी पर्स आणि वर्तमानपत्राचे बोटभर रुंदीचे तुकडे. निम्मे तुम्ही फाडून द्या, बाकीचे ती फाडेल. शिट्टी तोंडाने. मग ‘होल्डॉन’ आणि ‘रैट रैट’ शिकवावं लागत नाही. प्रभूनगर, मच्छे, पिरनवाडी असे थांबे कागदावर लिहून भिंतीला लावा. सहा वर्षांच्या मुलीला ते वाचायचे असतात आणि धाकट्याला तिने वाचलेले ऐकायचे असतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना बसप्रवास मोफत झाला, त्यामुळे आता या खेळात आजी आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेते आणि आजोबांना चिंचोके मोजून द्यावे लागतात. सुटे परत मागायला आजोबांनी विसरू नये, वजाबाकी तिथेच होते.

दुसरा खेळ घराचा. वाकळ टाकून तंबू करायला जाल तर तो हमखास कोसळतो, कारण वाकळ जड असते आणि सगळा भार एका बाजूला येतो. सुती नऊवारी घ्या. दोन खिडक्यांच्या गजांना साधारण तीन फुटांवर दोरी ताणून बांधा, साडी मधोमध टाका आणि दोन्ही काठांवर तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या ठेवा. वर कपड्यांचे चिमटे लावा. आत बॅटरी चालेल. मेणबत्ती, कंदील, डासांची कॉइल अजिबात नको. खेळ संपला की दोरी सोडून ठेवा, कारण ती पोरांच्या गळ्याच्या उंचीवर येते. साडी-पिशव्या मात्र दोन दिवस तशाच राहू द्या. रोज रात्री ‘सगळं आवरून ठेव’ म्हटलं की मूल रोज पहिल्यापासून सुरुवात करतं आणि गोष्ट पुढे सरकत नाही. तिसऱ्या दिवशी त्या तंबूचं दुकान होतं, चौथ्या दिवशी गोठा.

गोणपाट असेल तर त्याची खोळ करून द्या : एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली. ती डोक्यावर घेऊन पोरं घरातल्या घरात भातलावणीला जातात. पागोळीखाली डबे मांडू द्या, पत्र्याचा, पितळेचा, प्लास्टिकचा, आवाज वेगवेगळे येतात. यात एक खबरदारी घ्या : दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. मोठं माणूस शेजारी नसेल तर भरलेली बादली मागे ठेवू नका.

घरी बसून विड्या वळते. अडीच वर्षांचं पोरगं मांडीवर चढतं, सुपात हात घालतं. मोबाईल दिला तरच हजारभर विड्या पुऱ्या होतात. — निपाणी

तुमच्या बाबतीत पहिला मुद्दा मोबाईलचा नाही, सुपाचा आहे. तंबाखूतलं निकोटीन लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी त्रास होतो : उलट्या, लाळ गळणं, घाम, गळून जाणं. असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. त्यामुळे तुमच्या सुपाजवळ त्याची जागा नकोच, आणि पानांची कात्रणंही खेळायला देऊ नका, त्यांना तंबाखूची भुकटी लागलेली असते.

पण आई करते तेच त्याला करायचं असतं. म्हणून त्याला त्याचं वेगळं सूप द्या. त्यात फणसाची किंवा बदामाची धुतलेली पानं, जाड लोकरीचे वीतभर तुकडे आणि एक रिकामा डबा. तुमच्यापासून पाच-सहा फुटांवर, पण तुम्ही दिसाल असा बसवा. त्याला वळता येणार नाही, तो पानं चुरगाळेल, डब्यात भरेल, ओतेल, पुन्हा भरेल. अडीच वर्षांचा खेळ एवढाच असतो, आणि तो बारा-पंधरा मिनिटं टिकला तरी पुष्कळ. मग उठा, हात साबणाने धुवा, त्याला घ्या, पाणी पाजा, पुन्हा बसवा. दिवसभर मोबाईल पूर्ण बंद करणं तुम्हाला जमेल असं आम्ही म्हणणार नाही. जेवताना आणि झोपण्याआधी एक तास बंद करा, तेवढं आधी साधा. आणि जवळ अंगणवाडी असेल तर तीन वर्षं पूर्ण होताच नाव घाला.

नातवाला वाढदिवसाला दिवे लागणारा, गाणी म्हणणारा किचन सेट आणला. दोन दिवस खेळला, आता बघतही नाही. मग आणायचं तरी काय? — एक आजोबा, शहापूर

आजोबा, त्या सेटमधल्या शेगडीची फक्त शेगडीच होते, आणि आवाजही तीच करते. नातवाला करायला काही उरत नाही. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये ‘सुटे भाग’ ही कल्पना मांडली. हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या जास्त, तितकी खेळात कल्पकता जास्त, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडच्या चूलबोळक्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

तुमच्या पेठेत सुटे भाग विकत घ्यायची गरजच नाही. मागावाल्यांकडून सुताचे रिकामे कोन आणि कांड्या मागून आणा. कोन म्हणजे कर्णा, देवळाचा कळस, आइस्क्रीम, डॉक्टरची नळी. त्यात नारळाच्या करवंट्या (कडा घासून), लाकडी चमचे, पेल्याएवढे डबे, दोन-तीन ब्लाउजपीस, शिंप्याकडच्या चिंध्या आणि एक मोठा खोका घाला. खोक्याच्या तळाच्या लोखंडी पिना पकडीने आधी उपटा. खिडकी मुलाने पेन्सिलीने आखायची, ब्लेडने तुम्ही कापायची, आणि चौथी बाजू न कापता ठेवायची म्हणजे ती उघड-बंद होते. सगळं एकदम ओतू नका. आठ-दहा वस्तू बाहेर, बाकी पोत्यात माळ्यावर, दहा दिवसांनी बदल.

तीन वर्षांखालच्या मुलाला चार सेंटीमीटरहून बारीक वस्तू नको, घशात अडकते. चिंचोके, बटणं चार वर्षांनंतर. आणि बियांबद्दल नीट वाचा : गुंजा दिसायला गोजिऱ्या, पण अतिशय विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपल्यापैकी कित्येकांनी खेळल्या असतील, पण त्याही विषारीच. चघळल्या तर हृदयावर परिणाम होतो. एरंडाच्या बियाही बाद. दिव्याच्या खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर ती अन्ननलिका जाळते, तेव्हा त्या किचन सेटच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बसतं का, ते आजच बघा.

आणायचंच असेल तर गोकाकची किंवा सावंतवाडीची लाकडी फळं-भाज्या आणा, दुकानाच्या खेळात वर्षानुवर्षं पुरतात.

त्याहून स्वस्त म्हणजे माती. खानापूरकडच्या कुंभाराकडून मळलेली माती किलोभर आणून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. बेंदराला नुसते विकतचे बैल आणण्याऐवजी एक जोडी नातवाला करू द्या. पाय त्याच्या अंगठ्याएवढे जाड हवेत, बारीक पाय वाळताना मोडतात. पाय पोटाला नुसते दाबून चिकटवले तर सुकल्यावर गळून पडतात. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. बैल बैलासारखा झाला नाही तर तुम्ही दुरुस्त करू नका. ‘हा कुणीकडे निघालाय?’ एवढंच विचारा.

माती नसेल त्या दिवशी मैदा : १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, १ वाटी पाणी, १ चमचा तेल, अर्ध्या लिंबाचा रस. मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळा, कडा सोडल्या की उतरवा, कोमट असताना मळा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मीठ ओल ओढतं आणि गोळा चिकटतो. चमचाभर कोरडा मैदा लावला की सुधारतो. बुरशी दिसली तर सरळ टाका. मात्र सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला हा गोळा देऊ नका, इतकं मीठ त्याला झेपत नाही.

मुलगा पाच वर्षांचा. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. खेळताना तिन्ही भाषा मिसळतो. गोंधळ होतोय का? मधेच थांबवून मराठीत बोलायला लावू का? — चिकोडी

थांबवू नका. त्याचा खेळ दहा मिनिटं कान देऊन ऐका. कंडक्टर झाला की ‘मुंदे होगरी, चिल्लर कोडरी’ (पुढे सरका, सुटे द्या), बाई झाला की ‘सिट डाऊन’, आणि बाहुलीला झोपवताना मराठी. ज्या माणसाचं सोंग घेतलं त्याची भाषा तो बरोबर उचलतो, याला गोंधळ म्हणत नाहीत. मराठी वाढवायची असेल तर मराठी बोलणारी पात्रं वाढवा : बाजारातल्या भाजीवाल्या मावशी, कीर्तनकार, पालखीतले वारकरी. आणि तुम्ही स्वतः गिऱ्हाईक होऊन मराठीत घासाघीस करा.

आमचा नातू बहिणीबरोबर भातुकली खेळतो. त्याचे आजोबा चिडतात. — येळ्ळूर

खेळू द्या. आजोबांना पंगतीला बसवा आणि त्यालाच वाढायला सांगा.

साडेचार वर्षांची मुलगी ‘बंड्या’शी बोलते. बंड्या कुणी नाहीच. त्याला ताट वाढायला लावते. सासूबाई म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे, दृष्ट काढून बघू. — हुक्केरी तालुका

दृष्ट काढल्याने बिघडत काही नाही, पण बंड्या तिने जाणार नाही आणि जायची गरजही नाही. मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांचा कधी ना कधी असा काल्पनिक सवंगडी होता, त्यात जिवंत मानलेली बाहुली किंवा अस्वलही धरलं होतं. बंड्या खोटा आहे हे तुमच्या मुलीलाही माहीत असतं. सासूबाईंनी फार काळजीने चौकशी केली तर तीच सांगेल, ‘आजी, तो खरा नाही गं.’

ताट वाढा, पण रिकामं. बंड्याच्या नावावर दूध सांडलं तर ‘दोघं मिळून पुसा’ म्हणा. बंड्याचा उपयोग तुम्ही करू नका. ‘बंड्या बघ कसा भाजी खातो’ म्हटलंत की तो तिचा राहत नाही. बंड्याला ती घाबरत असेल, तो तिला स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगतो असं म्हणत असेल, किंवा ती खऱ्या मुलांत मिसळणंच बंद झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. याच्या उलट स्थितीकडे मात्र घरांत फारसं लक्ष जात नाही : दोन वर्षं झाली तरी मूल खोटाखोटा फोन कानाला लावत नाही, बाहुलीला भरवत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही. तेव्हा ‘मोठं झाल्यावर करील’ म्हणून थांबू नका.

दिवाळीचा किल्ला आता मुलांचा राहिलाय कुठे? वडील यूट्यूबवर बघून थर्माकोल कापतात, पोरं सेल्फी काढतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून खरंच किल्ला होतो का? — वडगाव, बेळगाव

होतो, पण तुमच्या मनातला नाही. त्यांचा किल्ला गुडघ्याएवढा, एका बाजूला कललेला, आणि त्यावर मावळ्यांशेजारी एक डायनासोर असतो. तो डायनासोर काढू नका.

दहा दिवस आधी सुरुवात करा. शक्य असेल तर एका सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड दाखवून आणा. तिथे माहिती सांगू नका, बुरुजावर बसून ‘शत्रू कुठून येईल?’ एवढंच विचारा. जड दगड-विटा रचणं मोठ्यांचं काम, ढासळू नये म्हणून खालचा थर रुंद. वर ओलं गोणपाट टाका. त्यावरचा चिखल मुलांचा. आपल्या तांबड्या मातीत घमेल्याला दोन मुठी बारीक पिंजर (भाताचं वाळलं गवत) मिसळा, नाहीतर वाळताना भेगा पडतात. थर बोटभरच द्यायचा, तो सुकला की दुसरा; एकदम जाड थापला की खाली घसरतो. वाट, गुहा, विहीर, तोफ कुठे, हे मुलांनी ठरवायचं. भांडणं होतील. रक्त निघेपर्यंत मधे पडू नका, पाच-सहा वर्षांची मुलं तह करतात.

गवतासाठी मोहरी किंवा हळीव पेरा, दोन-तीन दिवसांत मोड येतात. नाचणीला जरा जास्त वेळ लागतो. पाणी तांब्याने ओतलं तर बी वाहून बुरुजाखाली गोळा होतं. बाटलीच्या झाकणाला सुईने सहा-सात भोकं पाडा आणि सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं काम सगळ्यात धाकट्याकडे द्या.